पळीभर गंगाजल

आमच्या सासूबाईंना कुणी ‘जरा चालवून घ्या’ म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात सोवळं त्या एकट्याच पाळतात. मला त्यांनी त्यात कधी ओढलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या तलावांचं पाणी तपासणाऱ्या स्वयंसेवकांत सामील झाल्या, तेव्हा मला हसूच आलं होतं. ते लवकरच जिरलं. थंडीने हात काकडत असले तरी दर रविवारी त्या रिक्षाने शहराच्या कडेच्या एका तलावावर जायच्या, बाटलीत पाणी घ्यायच्या, औषधाचे थेंब टाकून बदललेला रंग तक्त्याशी ताडून बघायच्या.

तो तलाव मरायला टेकला होता. एक नाला त्यात उतरायचा आणि उन्हाळ्यात मेलेले मासे काठाला लागायचे. काठावरच्या मल्लाहांची, म्हणजे नावाडी-कोळ्यांची, चूल त्या मासळीवरच पेटायची. मोजलेले आकडे वॉर्डाच्या पार्षदांपुढे, म्हणजे नगरसेवकांपुढे, बैठकीत ठेवायचे आणि नाला वळवून घ्यायचा, असं गटात ठरलं होतं. या तलावाचे सगळे आकडे सासूबाईंचे.

बैठकीच्या आदल्या रविवारी गटाचा प्रमुख, कॉलेजात शिकवणारा एक तरुण, आमच्याकडे चहाला आला. सासूबाई निघायच्या तयारीत होत्या. धुतलेल्या बाटलीत त्यांनी देवघरातल्या पळीने गंगाजल घातलं आणि झाकण लावलं.

“चाची, ये क्या?”

“तुम्हीं ने तो सिखाया था, बोतल शुद्ध होनी चाहिए.”

त्याला स्वच्छ म्हणायचं होतं. आमच्या घरात ‘शुद्ध’ म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मला हसू आवरेना. बाटलीत दुसऱ्या पाण्याचा थेंबही नको, असं त्याने सांगितलं, तशा सासूबाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. तलावाच्या प्रत्येक नमुन्यात पहिल्यापासून गंगा मिसळलेली होती.

तो घाईघाईने म्हणाला, “रहने दीजिए, चाची. एक चम्मच से क्या फ़र्क पड़ता है?”

मलाही ते पटलं. नाला तर डोळ्यांना दिसत होता!

“फ़र्क नहीं पड़ता, तो नापते क्यों हैं, बेटा?” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी आपले सगळे आकडे रद्द करायला लावले. बैठक लांबली. मल्लाहांना हे सांगायला त्या स्वतः गेल्या, मीही बरोबर गेले. एका बाईने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. पुढचा उन्हाळाही असाच जाणार, पोरांना काय खायला घालू, असं ती विचारत होती. सासूबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

मग तिच्या देखत त्या निसरड्या काठावरून खाली उतरल्या. त्या हिरव्या, वास मारणाऱ्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी नव्या नमुन्याची बाटली खळखळून विसळली, ओतली, पुन्हा विसळली. ती बाई बघत उभी होती. थोड्या वेळाने तीही खाली उतरली आणि सासूबाई घसरू नयेत म्हणून त्यांचा दुसरा हात तिने घट्ट धरला.