दोन माणसं आत सोडणारं कार्ड

विसरवाडी फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान होतं. दुकानाबाहेर जुने टायर कधी साठत गेले, कळलंच नाही. मोतीरामच्या क्रेडिट कार्डाचे किस्सेही तसेच साठले. मोतीराम माझा जुना मित्र, समोरच उसाच्या रसाचं दुकान. पण त्याचं कार्ड आलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं!

*

दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो. माझ्या पाटावर जॅक आणि नट खोलायचे पाने. मोतीरामने त्या वर्षी पाटाच्या मधोमध कार्ड ठेवलं, वर कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी नवापुरात साडीच्या दुकानात मशीन कार्ड घेईना. दुकानदाराने नखाने कुंकू खरवडलं आणि म्हणाला, "आबा, देव प्रसन्न शे, मशीन नही!"

मी सोबत होतो, पोटभर हसलो. मग कार्ड चाललं, आणि त्याच्या बायकोला, कमलला साडी आली. माझं हसू तिथंच संपलं.

*

चहाच्या टपरीवर मोतीराम मास्तर झाला. "देखा, बिल पुरं भरनं. 'कमीत कमी इतकं भरा' लिहेल ऱ्हास, त्याले भुलानं नही. बाकीनावर व्याज चढस. आन कार्डवर रोख तं काढानीच नही!"

सगळे माना हलवत होते. टपरीवाला जगन म्हणाला, "आबा, यान्हावर मन्हा चहा भेटस का?"

"नही."

"मंग खिसामा हात घाला!"

*

पुढे मोतीराम आणि कमल अहमदाबादला लेकीकडे गेले. परतताना स्टेशनवर त्यांना लाउंज दिसलं. थंडगार हवा, सोफे, खाणंपिणं, कार्ड दाखवलं की झालं. पण एका कार्डावर एकच माणूस. मोतीरामने कमलला आत बसवलं.

कमलने गल्लीभर सांगितलं. माझी बायको सुमन तांदूळ निवडत ऐकत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आपलाकडे कार्ड कसाले नही?"

*

मी नवापूरची बँक गाठली. तिथल्या पोरीने विचारलं, "काका, कोणतं कार्ड हवं? पेट्रोलचं, खरेदीचं, प्रवासाचं?"

"ज्यान्हावर दोन माणसं आत जातस ते."

ती हसली. मला पगार नाही, म्हणून एफडी ठेवून घेतली आणि त्यावर कार्ड दिलं. सोबत सुमनच्या नावाचं जोडकार्ड. म्हणाली, "याला वर्षाला फी आहे, काका. चालेल?"

"मोतीरामना कार्डले शे का?"

"मला काय माहीत!"

"मंग चाली!"

सुमन कितीतरी वेळ कार्डावरच्या आपल्या नावावरून बोट फिरवत बसली.

*

अहमदाबादला आमचं काहीच काम नव्हतं, तरी गेलो. लाउंजमध्ये दोघं शेजारी शेजारी बसलो. मी पोटभर खाल्लं आणि सोफ्यावर छान झोपलो. गाडीच्या वेळेला सुमननेच उठवलं.

फाट्यावर आल्या आल्या मोतीरामला ऐकू जाईल असं ओरडलो, "आम्ही दोन्ही आत बसनूत!" तो ऊस सोलत राहिला. किती दिवसांनी गार वाटलं मला!

पण सुमनने गल्लीत कुणाला काहीच सांगितलं नाही. सकाळी चहा घेताना विचारलं, "काय वं, लाउंज आवडनं नही का?"

"आवडनं ना. सोफा चांगला व्हता." मग म्हणाली, "कमल सांगे, मोतीरामभाऊ पुरा टाइम काचना बाहेर उभा व्हतात. तिनाकडे देखी ऱ्हायंतात."

कप खाली ठेवून ती उठली.

"पुढला टाइमले तुम्ही बाहेर उभा ऱ्हाज्यात."