मिस्त्रींचा हातोडा

मिस्त्रींची आणि माझी ओळख एका पान्याने करून दिली. भोरला दवाखाना टाकून मला आठवडाही झाला नव्हता. वडिलांनी दिलेली चार दारांची काळी गाडी, तेव्हाच बारा-तेरा वर्षांची झालेली, मी उत्रोलीच्या रस्त्यावरच्या, गाड्या दुरुस्त करायच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी केली आणि खाली उतरले. एवढ्यात एक भला मोठा पाना माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या बाभळीवर आदळला. तो माझ्यासाठी नव्हता. माझ्या पुढ्यात रामा उभा होता. हा वेल्ह्याकडच्या एका तांदूळ व्यापाऱ्याचा ड्रायव्हर; तो सवयीने खाली वाकला, मला ती सवय नव्हती. शेडमधून एक बुटका, रुंद माणूस बाहेर आला. माफी मागावी असं त्याच्या मनात आल्याचं काही दिसलं नाही. रामाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ह्यो मराया निगालाय बाई, आन् मी मरू दीना म्हणून रुसलाय. तुमी मदी कशाला आला?"

अशा माणसांबद्दल लिहिताना ते आतून किती मऊ होते हे सांगायची पद्धत आहे. मिस्त्री आतूनही तसेच होते. गुळगुळीत टायर घेऊन आलेल्या एका मालकाच्या देखत त्यांनी छिन्नीने ते टायर फाडलं होतं. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्या एकाला पंख्याच्या पट्ट्याने बडवलं होतं. त्यांनी फोडलेल्या ओठांना टाके घालायला लोक माझ्याकडे येत. मिस्त्री नसते तर आपला दवाखाना पहिल्या वर्षीच बसला असता, असं माझा कंपाउंडर सदू म्हणे. मीही काही गरीब गाय नव्हते. आमची भांडणं रस्त्याच्या पलीकडे ऐकू जात.

पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. गाडीतून काढलेला झिजलेला भाग ते मालकाला परत देत नसत. शेडच्या तोंडाशी ऐरण होती. तिच्यावर तो ठेवायचा आणि सगळ्यांसमोर हातोड्याने त्याचे तुकडे करायचे. त्या काळी नवा भाग पुण्याहून एसटीने यायचा, कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्याने. तोवर मालक मागे लागे, जुनाच काचपेपरने घासून बसवा, एवढी एक फेरी होऊ द्या. मिस्त्रींना त्या घासून बसवण्याचा संताप येई, म्हणून ते नव्याची वाट न बघता आधीच फोडून मोकळे होत. असं का, याच्या गावात चार गोष्टी होत्या आणि चारही एकमेकींशी जुळत नव्हत्या. मी विचारलं नाही.

एका उन्हाळ्यात माझ्या गाडीचा ब्रेक पायाखाली मऊ लागायला लागला. मिस्त्रींनी पुढचं चाक उघडलं आणि आतला ब्रेकचा सिलिंडर काढला. अंगठ्याएवढी ती लोखंडी नळी, तेल गळून चिकट झालेली. मी तोंड उघडायच्या आत ती ऐरणीवर गेली. नवी उद्याच्या एसटीने येईल म्हणाले.

त्याच दुपारी हिर्डोशीच्या पलीकडच्या वस्तीवरून दोन माणसं धापा टाकत आली. बाई कालपासून अडली होती, मूल आडवं होतं. मी शेडकडे पळाले. जुना सिलिंडर घासून बसवा, मी हळू जाईन, असं म्हणता म्हणता माझं लक्ष ऐरणीवर गेलं. तिथे त्याचे तुकडे पडले होते. दुसरी गाडी मिळेना. एसटी मिळाली ती दोन तासांनी, आणि हिर्डोशीला उतरून पुढे डोंगर चढायचा. मी पोचले तेव्हा घराबाहेर बायका बसल्या होत्या. बाई गेली होती, मूलही. बाविशीची असेल. अजून उबदार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोरला उतरले ती तशीच शेडवर गेले. मिस्त्री नवा सिलिंडर बसवत होते. ते उठून उभे राहिले आणि मी त्यांच्या थोबाडीत मारली. सगळा जोर लावून मारली. समोरच्या हॉटेलातली माणसं बाकावरून उठली. आता हा माणूस बाईवरही हात टाकणार, असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. त्यांनी गालावरचं ग्रीस पुसलं, मला काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. ते पुन्हा चाकापाशी बसले. त्या सकाळी त्यांच्या हातून तोच नट तीनदा निसटला.

त्यानंतर मिस्त्रींनी फोडणं बंद केलं. काढलेले भाग ते रॉकेलच्या एका डब्यात टाकू लागले. पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या मागच्या चाकातला सिलिंडर बदलला, तोही त्याच डब्यात अख्खा गेला. मी जिंकले होते. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

थंडीत रामा आला. व्यापाऱ्याची गाडी माझ्याच गाडीसारखी होती आणि तिच्या मागच्या चाकातून ब्रेकचं तेल गळत होतं. व्यापाऱ्याची बहीण महाडला अत्यवस्थ होती आणि वरंधा घाट उतरून दिवसाउजेडी पोचायचं होतं. नवा सिलिंडर नव्हता. एरवी पाना सुटला असता. त्या दिवशी मिस्त्रींनी डबा उपडा केला, माझ्या गाडीतला तो जुना सिलिंडर उचलला, काचपेपरने घासला आणि बसवून दिला. रामाला म्हणे फार आश्चर्य वाटलं होतं.

घाटातल्या तिसऱ्या वळणावर ब्रेक लागला नाही आणि गाडी दरीत गेली. एका ट्रकने दोघांना वर भोरला आणून माझ्या दारात ठेवलं. व्यापाऱ्याचा पाय मोडला होता. रामाच्या छातीत स्टिअरिंग शिरलं होतं. माझे हात मनगटापर्यंत रक्तात असताना तो गेला.

दोन दिवसांनी मिस्त्री दवाखान्यात आले. दरीतून वर ओढलेल्या त्या गाडीतून त्यांनी सिलिंडर काढून आणला होता. तो माझ्या पायरीवर ठेवला आणि हातोडा माझ्यापुढे धरला.

"हिर्डोशीची बाई माज्या माथी हाय," ते म्हणाले. "रामा दोगांच्या. फोडा."

मी फोडला. पहिला घाव पायरीवर बसला आणि दगडाचा कोपरा उडाला. तिसऱ्या घावाला सिलिंडर फुटला. मग मी तिथेच बसले आणि रडले, आणि मिस्त्री तुकडे गोळा करत राहिले. नवा भाग आधी हातात घ्यायचा आणि मगच जुना फोडायचा, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांना सुचायला तीन जीव गेले. त्या दिवसापासून माझ्या गाडीचे सगळे सिलिंडर शेडमध्ये नवे कोरे टांगलेले असत आणि त्यांना कुणी हात लावला तर मिस्त्री त्याचा हात मोडायला कमी करत नसत. हातोडा मात्र ते माझ्याकडेच विसरून गेले. मीही परत केला नाही, त्यांनी दुसरा घेतला.

सहा-सात वर्षांनी मिस्त्री माझ्याच दवाखान्यात पडले. यकृत पार गेलं होतं, पुण्याला जायला तयार नव्हते. तेव्हा इंजेक्शनच्या सुया आम्ही उकळून पुन्हा पुन्हा वापरायचो आणि बोथट झाल्या की दगडावर घासायचो. सदू एका सकाळी तशीच एक सुई घासत बसला होता. खाटेवरून उशाचा तांब्या आला आणि त्याच्या कपाळावर बसला. रक्ताची धार लागली. मी धावत आले, सदूला टाका घातला आणि मग मिस्त्रींवर ओरडले. या अवस्थेत तरी हात आवरा म्हटलं.

ते धापा टाकत होते. "बाई, घासल्यालं माज्या अंगात घालू नगा."

मी कपाटातून नवी सुई काढून हातात घेतली. मग हातोडा काढला, जुनी सुई त्या कोपरा उडालेल्या पायरीवर ठेवली आणि खाटेवरून दिसेल अशी उभी राहून ठेचली. आत आले, तेव्हा मिस्त्रींनी हात पुढे केला होता. तो हात नुसता पुढे केलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.