हर्रापाटची सहा कार्डं

आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमागे एक कडुनिंब होता. त्यावर बाई दिसते म्हणून पोरं संध्याकाळनंतर तिकडे फिरकायची नाहीत. मी त्याच झाडाखाली सायकल लावायचो. सांगायचा मुद्दा हा, की मी घाबरट नाही... आणि असल्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी होतो. या सदरातले अनुभव वाचतानाही मी पुष्कळदा हसलोय. आज माझा लिहितोय. कुणी हसलं तरी माझी हरकत नाही.

आमचं मूळ गाव तुमसरकडचं. वडील भिलाईला प्लांटमध्ये क्लार्क होते. मी पोस्टात लागलो. तेव्हा इकडे मध्य प्रदेशच होता. एक्याऐंशीची जनगणना होऊन वर्ष झालं असेल, मी सव्वीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं. आमचे इन्स्पेक्टर बोरकर साहेब भंडाऱ्याचे. नियमाला अतिशय पक्के, पण माणूस चांगला — डबा कधी एकट्याने खाल्ला नाही त्यांनी. एक दिवस म्हणाले, "सुधाकर, बॅग भर. हर्रापाटले जाचं आहे."

हर्रापाट हे खरं नाव नाही, मुद्दाम बदललंय. राजहऱ्याच्या लोहखाणींच्या पलीकडे, डोंगराच्या माथ्याखाली, तीन-चार तास पायी चढून जायचं गाव. तिथे छोटं पोस्ट होतं, म्हणजे शाळेच्या गुरुजींच्या घराची ओसरी, एक लाकडी पेटी आणि एक शिक्का; पोस्टाचं कामही गुरुजीच बघायचे. खालच्या पोस्टातून आठवड्यातून दोनदा रनर थैली घेऊन वर जायचा.

प्रश्न तसा कागदावरचा होता. असं पोस्ट चालू ठेवायचं की बंद करायचं, हे गावात माणसं किती आणि टपाल किती यावरून ठरतं. हर्रापाटची माणसं कमी होत चालली होती. जनगणनेत, मतदारयादीत, शाळेच्या पटावर, सगळीकडे तेच. आणि टपाल मात्र वाढत होतं! साहेबांना यातच गोम वाटत होती.

"ज्या गावात गुरुजी सोडून कोणाले वाचता येत नाही, तिथं कार्डं कोण पाठवून राहिलं बे?" ते म्हणाले.

महुआ, म्हणजे मोहाची फुलं, गळायचे दिवस होते. आम्ही वर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाव स्वच्छ, सारवलेलं, पण निम्म्याहून जास्त घरांना बाहेरून कड्या. कुलपं नाहीत, नुसत्या कड्या. एका अंगणात उखळात धान तसंच पडलेलं, त्यातून कोंब वर आलेले आणि वाळलेले. गुरुजी — नेताम गुरुजी, पन्नाशीचे, पांढरा सदरा — पाणी घेऊन आले. पाय धुवून टेकतो न टेकतो तोच हात जोडून म्हणाले, "साहब, डाकखाना बंद कर देव."

मी तोवर चार-पाच गावं पाहिली होती. सगळीकडे लोक पोस्ट द्या म्हणून मागे लागतात. बंद करा म्हणणारा हा पहिला.

साहेबांनी कारण विचारलं. गुरुजी म्हणाले, "उद्या बोलू."

सकाळी दप्तर तपासायला बसलो. रजिस्टर नीट, तिकिटं नीट, शिक्का नीट. मग साहेबांनी पेटीच्या तळाचा कागद उचलला. खाली सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं होती. सहा. वाटप न केलेली.

साहेबांचा चेहराच बदलला. टपाल दाबून ठेवणं म्हणजे आमच्या खात्यात महापाप... नोकरी तर जातेच, वर केस होते.

गुरुजी घाबरले नाहीत. थकल्यासारखे बोलत राहिले. त्यांच्या हिंदीत जे सांगितलं ते असं — चार वर्षांपूर्वी अशी कार्डं यायला लागली. एका बाजूला नाव, बापाचं नाव, गाव. दुसरी बाजू कोरी. पोस्टाचा शिक्का फिसकटलेला, कुठला ते लागत नाही. पहिल्यांदा तीन आली, त्यांनी वाटली. त्याच दिवशी ती तिघं घरातून निघून गेली. खाली नाही, वर. परत आली नाहीत. मग पाच आली. मग नऊ. मग दर दोन-तीन महिन्यांनी येतच राहिली. कधी एका घरातलं एकच माणूस, कधी अख्खं घर.

"शेवटी मी वाटणं बंद केलं," गुरुजी म्हणाले. "आठ महिने झाले. तेव्हापासून कुणी गेलं नाही, साहब."

मी कार्डं उलटून पाहिली. खरंच कोरी. अक्षर पत्त्याच्या बाजूला, सुबक, शाळेत गिरवल्यासारखं.

साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "सुधाकर, तुले समजून राहिलं का? लोकं वीटभट्टीवर पळून राहिले नागपूरकडे. हा माणूस भोळा आहे, त्यानं मनात घेतलं. आपण आत्ताच्या आत्ता ही वाटून टाकू. मग मी लिहीन, उशीर झाला, टपाल पोचलं. नाही तं याची नोकरी जाते."

हे मुद्दाम लिहितोय, कारण साहेबांना पुढे लोकांनी बोल लावला. त्यांनी ते गुरुजींना वाचवायला केलं. आणि मी त्यांना अडवलं नाही. मलाही तेच बरोबर वाटलं.

तीन कार्डं साहेबांनी घेतली, तीन मी. माझी तिन्ही एकाच घरची होती. म्हातारा सासरा, मंगलू नावाचा मुलगा आणि त्याची बायको सुकवारो. गुरुजी ओसरीवरून उठले नाहीत. फक्त म्हणाले, "हातात देऊ नका. उंबऱ्यावर ठेवून या."

मी हातात दिलं.

म्हातारा बाजेवर बसून दोर वळत होता. कार्ड घेतलं, पत्त्याकडे बघितलंही नाही, सरळ उलटलं. कोरी बाजू वर. आणि... त्याचे डोळे हलायला लागले. डावीकडून उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, एक ओळ खाली. मंडळी, मी रोज शेकडो माणसं पत्र वाचताना पाहिलेली आहेत. वाचणाऱ्याचे डोळे कसे फिरतात ते मला कळतं. तो माणूस वाचत होता. ज्याला अंगठ्याशिवाय सही माहीत नाही असा माणूस कोरं कार्ड वाचत होता!

मला वाटलं, चेष्टा करतोय. तेवढ्यात मंगलू मागून आला आणि त्याने माझ्या हातातून आपलं कार्ड काढून घेतलं. दोन्हींपैकी त्याचं कोणतं, हे मी सांगितलं नव्हतं. तोही तसाच. ओळीमागून ओळ. शेवटाला आला तेव्हा थोडासा हसला — लांबच्या माणसाची खुशाली कळल्यावर हसतात तसा — आणि कार्ड कपाळाला लावलं.

माझ्या हातात तिसरं होतं. सुकवारोचं.

ती झऱ्यावरून येत होती. डोक्यावर हंडा, वीस-एकवीस वर्षांची. आदल्या दिवशी आम्हाला वाटेत पहिलं पाणी तिनेच पाजलं होतं. मला बघून विचारलं, "का आए हे, बाबू?" — काय आलंय म्हणून.

मी म्हणालो, "घर की चिट्ठी है." आणि ते कार्ड शर्टाच्या आत सरकवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

साहेब त्यांची तीन देऊन आले. गुरुजींच्या बायकोने भात वाढला. आम्ही जेवायला बसलो, उन्हं डोक्यावर होती.

पहिला घास घेतला असेल तोच गुरुजींनी ताट बाजूला सारलं. समोरच्या वाटेने माणसं चालली होती. पाच. एकामागे एक. साहेबांनी कार्डं दिलेली तिघं पुढे, मग म्हातारा, शेवटी मंगलू. कुणाच्या हातात काही नाही — ना टोपली, ना गाठोडं, ना काठी. एका बाईच्या हाताला पीठ लागलेलं होतं, ती कणीक मळता मळता उठली असावी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गावातली कुत्री बाजूला सरकून बसली, एकही भुंकलं नाही.

सुकवारो मागून धावत आली. तिने नवऱ्याचा हात धरला. त्याने झिडकारला नाही, रागावला नाही, नुसता चालत राहिला, आणि तिचा हात सुटला. तिने पुन्हा धरला. पुन्हा सुटला. शेवटी गुरुजींच्या बायकोने तिला कवेत धरून खाली बसवलं.

"अरे थांबवा ना त्याइले!" साहेब ओरडले आणि उष्ट्या हातानेच पळाले. मी दारापर्यंत गेलो. पुढे गेलो नाही... हे कबूल करतो.

साहेब तासाभराने परतले. हातापायांना काटे ओरबाडलेले, एक चप्पल नाही. मी विचारलं, "कुठे गेले?"

"वर सपाट आहे," ते म्हणाले. "गवत पण नाही. सगळं दिसते. मी त्याइच्या दहा हात मागं होतो, सुधाकर. फक्त दहा हात."

मग उरलेली चप्पल काढून ते भिंतीला पाठ टेकून बसले.

संध्याकाळी गुरुजींच्या चुलीत मी सुकवारोचं कार्ड घातलं. ते उलटून बघायची इतकी इच्छा होत होती की मनगट दुसऱ्या हाताने धरावं लागलं. सकाळी सहाही कार्डांची मागची बाजू पाहिली होती, कोरी होती, मग आता काय बघायचं होतं? पण इच्छा होत होती. पत्त्याची बाजू वर ठेवूनच जाळलं. गुरुजींनी बघितलं. चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

खाली उतरून ठाण्यात कळवलं. लोक गेले, दोन दिवस डोंगर शोधला. निष्कर्ष — मजुरीसाठी गाव सोडलं. आमच्याकडे उन्हाळ्यात गावंच्या गावं कामाला बाहेर जातात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या अहवालावरून पोस्ट बंद झालं. उरलेली घरंही वर्षभरात खाली उतरली असं ऐकलं. बोरकर साहेबांनी मुदतीआधी नोकरी सोडली. मी एकदा भंडाऱ्याला भेटायला गेलो होतो. त्यांच्या बायकोने सांगितलं, घरी आलेलं कुठलंही पत्र ते हातात घेत नाहीत, ती वाचून दाखवते.

बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, रिसालीत घर बांधायला काढलं. नव्वदच्या आसपास नंदिनी नगरला बदली झाली. तिथे चुनखडीच्या खाणी, त्यामुळे बाहेरून आलेले मजूर पुष्कळ. काउंटरवर पत्रं विचारायला गर्दी असायची.

एका शनिवारी एक बाई आली. अंगावर चुनखडीची धूळ, तिशीचीच असेल, पण केस अर्धे पांढरे. खिडकीशी येऊन विचारलं, "मोर चिट्ठी आए हे का?"

"नाव?"

"सुकवारो."

मी मान खाली घालून गठ्ठा चाळायचं नाटक केलं. विचारलं, कुठून यायचं आहे पत्र? म्हणाली, माहीत नाही. शेजारच्या क्लार्कने सांगितलं, ती दर शनिवारी येते, वर्षानुवर्षं, डोक्याने थोडी खिसकलेली आहे, नाही म्हणून टाक.

पण ती मला बघत होती. मग ओळखलं तिने.

"बाबू... त्या दिवशी तुम्हीच आला होतात." तिच्या बोलीत बोलत होती, मी मराठीत लिहितोय. "माझ्या घरात सगळ्यांना आली. सासऱ्याला आली, त्याला आली. मी नवी नव्हते, लग्नाला दोन वर्षं झाली होती. मला का नाही आली? माझा काय दोष होता?"

मागे रांग होती. कुणीतरी ओरडलं, जल्दी करो भाई.

मी तिला वाचवलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. तिच्याकडे बघून तसं म्हणवेना. आणि खरंही सांगवेना. मी म्हणालो, "नाही बाई. तुझ्या नावाचं कार्ड आलंच नव्हतं."

तिचा चेहरा एकदम उजळला.

"नइ आए रिहिस?" ती म्हणाली. "तब तो आही, बाबू."

आलं नव्हतं ना? मग येईल.

ती कार्डं कोण लिहायचं, ती माणसं कुठे गेली, ती कोरी बाजू वाचून मंगलू का हसला... हे शिकलेल्या लोकांना विचारून पाहिलं, त्यांनी सांगितलेलं पटलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

नंदिनीला मी आणखी दोन वर्षं होतो. ती दर शनिवारी यायची. आता हसून यायची. आणि रोज सकाळी थैली आली की दुसऱ्या कुणाला हात लावू न देता मी स्वतः ती उघडायचो आणि एकेक कार्ड बघायचो. तिच्या नावाचं कधी आलं नाही. आलं असतं तर मी ते जाळलं असतं की तिच्या हातात दिलं असतं... हे मला आजही सांगता येत नाही.