चांद्याच्या साखरपुड्यातली अंगठी

मी जादू शिकलो ती हिंजवडीच्या ट्रॅफिकमुळे. कंपनीची कॅब एका जागी उभी राहते, तेवढ्या वेळात माणूस संन्यास घेऊन परतही येऊ शकतो. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून नाणं गायब करायला शिकलो. ऑफिसातले लोक भोवती जमायचे. (त्यांना मीटिंग टाळायची असायची, हे उशिरा कळलं.) बायको एवढंच म्हणाली, "नाणं चपलेवर पडलंय तुमच्या."

पुढे माझ्या मेहुणीचा, शीतलचा साखरपुडा ठरला. चांद्याला, म्हणजे सासऱ्यांच्या गावी, त्यांच्याच अंगणात. सगळे जमले, पण नवऱ्याचे मामा वाटेत अडकले आणि मांडवात जांभया सुरू झाल्या. सासऱ्यांनी माझ्या जादूचं गावभर कौतुक करून ठेवलेलं. ते म्हणाले, "पाव्हणं, मामा येस्तवर दावा की कायतरी."

खिशात नाणं होतं. पण एवढी माणसं बघून मला नाण्याची लाज वाटली. मी तबकातून थेट शीतलची अंगठी उचलली!

जादू सोपी होती. अंगठी डाव्या मुठीत घेतल्याचं नाटक करायचं, प्रत्यक्षात ती उजव्या करंगळीत सरकवून हात पाठीमागे न्यायचा आणि डावी मूठ रिकामी दाखवायची. झकास जमली. टाळ्या पडल्या. शीतलसुद्धा हसली. (ते तिचं त्या दिवसातलं शेवटचं हसू.)

मग मी अंगठी काढायला गेलो. ती निघेना.

नवऱ्याच्या आत्याबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी अंगठी कुठं गेली म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, हवेत.

"मंग काडा की हवेतनं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरची हाय ती."

शेवटी हात पुढे करावा लागला. सासूबाईंनी तेल आणलं, बायकोनं साबण. जो येईल तो एकदा ओढून जायचा. करंगळी गाजरासारखी लाल झाली आणि अंगठी आणखीच रुतली. तेवढ्यात मामाही आले. म्हणजे आता सगळा साखरपुडा एकट्या माझ्यासाठी खोळंबला होता. कुणीतरी सराफाकडे जाऊन कापून आणायचं सुचवलं, तर आत्याबाई भडकल्या. साखरपुड्याची अंगठी कापणं त्यांना अपशकुनी वाटत होतं.

"न्हाईतर असं करा," त्या म्हणाल्या, "ह्येंच्यासंगच लावा लगीन. अंगठी तर घातलीच हाय."

मांडव खदखदून हसला. नवरा तेवढा हसला नाही. शीतल उठली. तिनं शालूचा पदर खोचला, माझ्या खुर्चीवर एक पाय रोवला आणि माझी करंगळी धरली. मागून बायकोनं मला कमरेला घट्ट आवळलं. दोघी बहिणींनी माझा वर्षानुवर्षांचा हिशोब एका हिसक्यात चुकता केला. मी ओरडलो, अंगठी निघाली आणि फोटोग्राफरनं नेमका तोच फोटो काढला. अल्बमच्या पहिल्या पानावर तो आहे. नवरा दुसऱ्या पानावर येतो.

शीतलचा संसार आता सुखात चाललाय. मीही जादू सोडली, पण जादूनं मला सोडलेलं नाही. आजही मी सासरवाडीच्या दारात पाऊल टाकलं, की घरातल्या प्रत्येकीच्या बोटातली अंगठी आपोआप गायब होते!