धवलारिणीचं अर्धं राहिलेलं गाणं

नव्वद सालच्या सुमारास हेंद्रेपाड्यातल्या आमच्या नवरात्रात आधी जुनं गाणं आणि मग बेंजो पार्टीची नवी कोळीगीतं, अशी वाटणी मंडळाचा सेक्रेटरी म्हणून मीच केली होती. जुन्या गाण्यासाठी शिरगावहून एक धवलारीण आली. लग्नात देवांना गाण्यातून बोलावणारी आणि शेवटी एकेकाला निरोप देणारी ती म्हातारी डोळे मिटून गात होती. प्रत्येक देवाचं नाव घेताना पदर सारखा करायची, जणू पाहुणा दारात उभा आहे. त्या संथ आवाजावर सगळी संध्याकाळ तरंगत होती.

"ओ सेक्रेटरी, आजीला आवरा, पब्लिक कल्टी मारतंय!" बेंजोवाला ओरडला.

मी माईकची वायर काढली आणि माईक बिघडला म्हणून सांगितलं. आजवर तेच सांगत आलो. ते खोटं होतं.

ती एवढंच म्हणाली, "दादा, देव बोलावलं मी. आता त्यांना घरी कोन धाडील?"

बेंजो सुरू झाला, पोरं नाचू लागली. मला राहवेना. मंडपामागे गेलो, तर ती एकटीच उभी राहून हलक्या आवाजात एकेका देवाला निरोप देत होती. मला पाहून ती थांबली नाही. फक्त देवांच्या वाटेत उभा होतो, म्हणून तिनं मला हातानं बाजूला केलं.