दोऱ्याने मोजलेलं आकाश

जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ वैमानिकांपेक्षा जास्त कोणाला तोंडपाठ असेल, तर ते शहाद्याला राहणाऱ्या आमच्या थोरल्या साडूंना. स्वतः ते आजतागायत विमानात बसलेले नाहीत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म स्टँडवर गेला. निवृत्तीनंतर नोंदवायला गाड्या उरल्या नाहीत आणि हात शिवशिवू लागले, तेवढ्यात एकुलती लेक लग्न होऊन ऑकलंडला गेली. झालं! त्यांनी भंगारवाल्याकडून शाळेतला पृथ्वीचा गोल आणला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा पळवला आणि अख्खं आकाश ताब्यात घेतलं. भिंतीवरच्या नकाशावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "नकाशा चपटा शे, धरती गोल शे," असं म्हणत ते गोलावर दोरा ताणतात आणि पाहुण्याचा चहा निवेपर्यंत सोडत नाहीत.

एकदा लग्नाच्या पंगतीत मी खोडी काढावी म्हणून विचारलं, "पर्थ ते लंडन?" वरणात बट्टी कुस्करता कुस्करता ते म्हणाले, "साडेचौदा हजार किलोमीटर. जातांना सतरा तासना वर, येतांना त्यानाथून कमी." असं का, तर वरच्या वाऱ्यांचं सगळं शास्त्र त्यांनी एका दमात उरकलं. "जावाना टाइम येगळा, येवाना येगळा. तोरणमाळना घाट चढी-उतरी दखा!" असा मास्तर मला लाभता, तर भूगोलात मी काठावर पास झालो नसतो.

वेळ कमी करून सांगणं त्यांना पाप वाटतं. "येतेच आहे गाडी" म्हणून प्रवाशांना थोपवून धरणं त्यांना कधी जमलंच नाही. मोलगीची गाडी घाटात बंद पडली, की "दोन तास येत नही" असं खणखणीत सांगून ते लोकांच्या शिव्या खात.

गेल्या वर्षी त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या अक्काचं, पोटाचं ऑपरेशन नंदुरबारला तातडीने ठरलं. लेकीला पाहिल्याशिवाय आत जाणार नाही, असा अक्काने हट्ट धरला. थांबलात तर जिवावर बेतेल, असं डॉक्टर म्हणत होते. लेक निघाली होती, पण तिचं विमान अजून समुद्रावर होतं.

"पोर कोठे शे?" अक्काने विचारलं.

साडूंनी घड्याळ पाहिलं. "तिनी नवापूर सोडं. तू बाहेर येशी तवलोंग ती आठे ऱ्हाई."

नवापूर म्हणजे तिथून जेमतेम तास-दीड तासाची वाट; मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली. अक्का मुकाट आत गेली.

लेक पोचली ती दिवेलागणीनंतर. तोवर अक्का शुद्धीवर आली होती. चार दिवसांनी मी न राहवून विचारलं, "अक्का, तुम्हाला ते खरं वाटलं?"

"नही हो पाव्हना," अक्का म्हणाली. "पन ज्या मानूसनी जलमभर एक मिनिट कमी सांगं नही, तो मन्हासाठे इतलं खोटं बोलना. मंग मी कशी थांबू?"

हे साडूंना कळू द्यायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. बायकोला फसवल्याची रुखरुख त्यांच्या मनातून जात नाही, आणि त्यापायी रोज सकाळी तिचा चहा तेच करतात. सांगून टाकावं असं मला दर भेटीत वाटतं. पण अक्का तो चहा त्यांच्या शेजारी बसून इतक्या सावकाश पिते, की मीही माझा निवलेला चहा संपवून तसाच निघतो.