मामांचा मूकपटातला सासरा

आमच्या मामांइतका रागावणारा माणूस गोदावरीच्या काठावर दुसरा झाला नसेल. पोहे कोरडे झाले की राग. द्राक्षं आंबट निघाली तर विकणाऱ्याला सोडून थेट हवामानावर राग. मामींच्या मते ते झोपेतही कुणाला तरी झापत असत. पण मामांचा खरा वैरी होता एका परदेशी मूकपटातला म्हातारा सासरा. खोटा आळ घेऊन तो तरुण सुनेला बर्फात घराबाहेर काढतो. मामा वाचनालयाच्या सभागृहात दर हिवाळ्यात हा सिनेमा दाखवत आणि पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या मराठीत मोठ्यानं वाचत. सासऱ्याची पाटी दोन ओळींची असली तरी मामांचं वाचन पाच मिनिटं चाले, कारण त्यात शिव्या त्यांच्या पदरच्या असत. नटीच्या भिरभिरत्या डोळ्यांना कुणी हसलं की ते सिनेमाचं मशीन बंद करत. “हसून घ्या. तुमच्या घरी लेकी नसतील.”

मग त्यांचीच लेक ओझरच्या सासरहून परत आली. सासऱ्यानं तिच्या चारित्र्यावर नको ते बोलून तिला बाहेर काढलं होतं. आमचे नातेवाईक म्हणजे शहाण्यांची जत्रा. “बाईच्या जातीनं जरा पडतं घ्यावं,” असं मामांच्या धाकानं मला ऐकवून गेले. त्यांना पाजलेला चहा मी अजून विसरलो नाही. माझ्याच हातानं केला होता.

थंडीत तिचा सासरा तिला न्यायला आला. “झालं गेलं गंगेला मिळालं. आम्ही तिला माफ करतो, व्याही.” मामा आता भडकणार असं आम्हाला वाटलं. ते एवढंच म्हणाले, “संध्याकाळी सिनेमा आहे. बघून जा.” त्याला त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं.

सिनेमाच्या शेवटी खरं उघडकीस येतं, म्हातारा हात पसरतो, सून त्याच्या पाया पडते. सुनेच्या होकाराची पाटी आली.  मामांनी चित्र तिथंच थांबवलं आणि मशीनजवळ बसलेल्या लेकीला विचारलं, “काय वाचू गं?”

“लिहिलंय ते वाचा, बाबा. तिला परत जायचंय.” मग ती पहिल्या रांगेकडे बघून म्हणाली, “मी नाही येणार.”

सासरा मफलर गुंडाळून निघून गेला. मामांनी पाटी वाचली, एकही शब्द न वाढवता.

मामा या श्रावणात गेले. मला दिसतात ते त्या संध्याकाळचे. स्कूटर लेक चालवतेय, मागे हे मांडीवर मशीन धरून बसलेत. समोरून चुकीच्या बाजूनं रिक्षा आली, तरी मामा काही बोलले नाहीत. एका हातानं त्यांनी लेकीचा खांदा धरला होता.